अर्जावरची माझी अकरा नंबरची सही मी मागे घेतोय

कॉलनीतल्या सगळ्या काका-काकू, दादा-वहिनी लोकांना आणि ज्यांनी तो अर्ज टाईप करून गल्लोगल्ली फिरवला त्या आपल्या उत्साही मंडळींना, रामराम.

मी गल्ली नंबर दोनचा कृषी केंद्रवाला. बी-बियाणं, खतं, फवारणीची औषधं विकतो, तुम्ही सगळे ओळखता. कोपऱ्यावरचा कुत्र्या-मांजरांचा दवाखाना कॉलनीतून हलवा असा जो अर्ज आपण नगरपालिकेला द्यायचं ठरवलंय, त्याच्यावर माझी पण सही आहे, अकरा नंबरला. खरं सांगतो, मी तो वाचला नव्हता. दुकानात गिऱ्हाईकांची गर्दी होती, तिघंजण आले, म्हटले भो इथे सही कर, मी केली. आपल्याकडे सही अशीच होते. आता ती मागे घेतोय आणि का घेतोय ते सगळ्यांसमोर लिहितोय, म्हणजे नंतर पारावर मागून बोलायला नको.

झालं असं की मागच्या महिन्यात रात्री साडेनऊला मला त्या दवाखान्याच्या डॉक्टर मॅडमचा फोन आला. मी आधी उचललाच नाही, म्हटलं अर्जाचं कळलं वाटतं, आता भांडणार. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा उचलला तर एकच प्रश्न, दादा तुमच्या दुकानातून गेल्या आठवड्यात अमुक घरी उंदराचं औषध गेलंय, त्याच्या पाकिटावर घटक काय लिहिलाय ते वाचून सांगा. बस. अर्जाचं एक अक्षर नाही. मी दुकान उघडलं, मोबाईलच्या लाईटमध्ये पाकीट शोधलं, फोटो पाठवला आणि मग राहवलं नाही म्हणून स्वतःच गेलो. सही करून महिना झाला होता आणि त्या दवाखान्यात मी पहिल्यांदा पाय ठेवत होतो हे पण लिहूनच टाकतो.

आत आपल्याच कॉलनीतल्या एका घरचा लॅब्राडोर टेबलावर पडलेला. कोणाचा ते नाही सांगत, त्यांनी विनंती केलीय, फक्त अर्जावर त्यांची पण सही आहे एवढं सांगतो. नाकातून रक्त, हिरड्या पांढऱ्याफटक, पोटावर निळे डाग. नाकातून रक्त म्हटलं की आपल्याकडे सगळे आधी गोचीड ताप म्हणतात, मळ्यातनं गोचीड येतात, रक्तातल्या प्लेटलेट कमी होतात आणि नाक गळायला लागतं, मॅडमना पण आधी तेच वाटलं होतं. पण प्लेटलेट बऱ्या निघाल्या. मग त्यांनी एका काचेच्या नळीत थोडं रक्त घेतलं आणि घड्याळाकडे बघत बसल्या. पाच मिनिटं, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. रक्त गोठेच ना.

आता हे मला कळतं कारण ते माझ्या धंद्यातलं आहे. उंदरासाठी ज्या निळ्या-हिरव्या वड्या आपण नेतो त्यात ब्रोमॅडिओलोन असतं, ते रक्त गोठू देत नाही. गंमत म्हणजे खाल्ल्या खाल्ल्या काहीच दिसत नाही, अंगात आधीचा साठा असतो तो तीन-चार दिवस पुरतो, म्हणून उंदीर पण लगेच मरत नाही आणि बाकीच्या उंदरांना संशय येत नाही. कुत्र्याचं पण तसंच, चार दिवसांपूर्वी माळ्यावरची वडी खाल्ली तेव्हा घरच्यांना पत्ताच नव्हता. यावर उतारा आहे, व्हिटॅमिन के, पण तो चांगला तीन-चार आठवडे द्यावा लागतो, दोन दिवसात कुत्रं उठून बसलं म्हणून बंद केला की परत रक्तस्राव. आणि तेच जर फवारणीचं ऑरगॅनोफॉस्फेट असतं तर लाळ, थरथर, अॅट्रोपिनची इंजेक्शनं, सगळी ट्रीटमेंटच वेगळी. झिंक फॉस्फाइड असतं तर त्याला उताराच नाही, काळी पूड येते ना ती. म्हणून त्या पाकिटावरच्या एका शब्दासाठी रात्री फोन. मी पंधरा वर्षं ही पाकिटं विकतोय आणि एकालाही विचारलं नाही की घरात कुत्रं-मांजर आहे का. आता विचारतो.

पण व्हिटॅमिन के चढायला वेळ लागतो आणि कुत्र्याकडे तेवढा वेळ नव्हता, रक्त चढवायची गरज होती. आता आपल्या तालुक्याच्या गावात कुत्र्याची ब्लडबँक कुठून आणणार, जळगाव गाठायचं म्हटलं तरी तास-सव्वा तास. मॅडमनी एक वही काढली, त्यात गावातल्या दणकट, लसीकरण झालेल्या कुत्र्यांची यादी, वजनासकट. हायवेवरच्या ढाबेवाल्याला फोन लावला. तो गल्ल्यावरनं उठून, गिऱ्हाईक शेवभाजीच्या ताटावर सोडून, त्याचा जर्मन शेफर्ड पिकअपमध्ये टाकून वीस मिनिटात हजर. कुत्र्यांमध्ये म्हणे पहिल्यांदा रक्त देताना आपल्यासारखा गटाचा फार लोचा होत नाही, तरी त्यांनी दोघांच्या रक्ताचे थेंब काचेवर मिसळून बघितलेच. ढाबेवाला आपल्या कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन खाली फरशीवर बसला होता आणि त्याला सारखा म्हणत होता झालं रे राजा झालं. त्याचा कॉलनीशी ना काही संबंध, ना त्या लॅब्राडोरवाल्यांची ओळख.

हे चालू असतानाच साडेअकराला एक म्हातारे बाबा छोटा हत्तीमधून बकरी घेऊन आले, पोट ढोलासारखं. ताई मनी बकरीनं पोट बठ्ठं फुगी गयं, मरी जाई ती. ओला हरभरा खाल्लेला. तिकडे रक्ताची बाटली चालू आणि इकडे मॅडमनी बकरीच्या तोंडातून नळी घातली, गॅस काढला, गोडं तेल पाजलं, अर्ध्या तासात बकरी उभी राहून माझी पॅन्ट हुंगायला लागली. बाबांनी पिशवीतून वांगी काढून टेबलावर ठेवली. त्यांच्याकडे दोनशेच रुपये होते, तेवढेच घेतले.

आणि आता जे खरं मला लागलं ते. मी निघताना मॅडम म्हटल्या, दादा जाताना शटर अर्धं ओढून घ्याल का, समोरच्या घरांना लाईटचा त्रास होतो. म्हणजे त्यांना सगळं माहिती होतं. अर्ज, सह्या, सगळं. मी शटर ओढलं आणि घरी आलो आणि मला झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी अर्जाची झेरॉक्स मागवली आणि पहिल्यांदा वाचली. आता त्यातल्या मुद्द्यांवर येतो.

रात्री कुत्री भुंकतात असं लिहिलंय. भुंकतात ना, पण ती दवाखान्यातली कुठे आहेत. तिथे रात्री जनावर ठेवतच नाहीत, एखादं सिरियस असलं तरच. जी भुंकतात ती आपल्या कचराकुंडीवरची, आणि ती तिथे आहेत कारण आपण लग्नाचं उरलेलं वरण-बट्टी आणि मटणाची हाडं पिशवीला गाठ मारून तिथेच फेकतो. मागे कोणीतरी शहाणपणा करून चार कुत्री टेम्पोत भरून नदीपलीकडे सोडून आले होते, आठवतंय? दोन महिन्यात नवीन सहा आली, आणि ती ओळखीची पण नाहीत, बाईकच्या मागे लागतात. एक कुत्री वर्षातून दोनदा विते, त्रेसष्ट दिवसात पिल्लं, एका वेताला चार-सहा. याला नसबंदी आणि लस एवढाच इलाज आहे, आणि ते करणारी गावातली एक व्यक्ती आपण हाकलायला निघालोय.

दुसरा मुद्दा, आजार पसरतात. इथे मी पण घाबरलो होतो, घरात लहान पोरं आहेत. मॅडमना सरळ विचारलं. पिल्लांना जो पार्वो होतो, उलट्या आणि रक्ताची घाण वासाची हगवण, तो कुत्र्याचा माणसाला होत नाही. पण तो जमिनीत महिनोन्महिने टिकतो आणि दुसऱ्या पिल्लांना लागतो, म्हणून पार्वोचं पिल्लू त्या पुढच्या दाराने घेतच नाहीत, मागच्या खोलीत, आणि नंतर फरशी ब्लिचिंगने. कुत्र्यापासून माणसाला होणारे आजार पण आहेत, त्या लपवत नाहीत, गजकर्ण होऊ शकतं, जनावराच्या लघवीतून पसरणारा लेप्टो ताप होऊ शकतो, आणि सगळ्यात वाईट रेबीज. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की जगात दरवर्षी ५९ हजारांच्या आसपास माणसं रेबीजने जातात, त्यातली ९९ टक्के कुत्र्यामुळे, आणि एकदा लक्षणं दिसली की मग देव पण काही करत नाही. पण गावातल्या ७० टक्के कुत्र्यांना लस झाली की ती साखळी तुटते. मग मला सांगा, लस टोचणारा दवाखाना कॉलनीत असल्याने आजार वाढेल का कमी होईल?

दिवाळीच्या सुट्टीत गल्ली नंबर चारच्या पोराला पोटरीला कुत्रं चावलं तेव्हा घरच्यांनी काय केलं होतं ते सगळ्यांना माहितीये, लाल तिखट आणि चुना. मॅडम स्कुटीवरनं चालल्या होत्या, थांबल्या, पोराला ओढत नळाखाली नेलं आणि साबण लावून घड्याळ बघून पंधरा मिनिटं जखम धुतली, पोरगं बोंबलतंय, आजी शिव्या देतेय. मग घरचे म्हणायला लागले तुम्हीच इंजेक्शन द्या, तुमच्याकडे असतंच ना. त्यांनी साफ नाही सांगितलं, मी जनावरांची डॉक्टर आहे, माणसाला टोचणार नाही, सरकारी दवाखान्यात जा, फुकट आहे, आजच जा, उद्या नाही, आणि सांगतील तेवढे सगळे डोस घ्या, मध्ये सोडू नका. आणि ते कुत्रं दहा दिवस नजरेखाली ठेवलं, रोज जाऊन बघायच्या, पण कुत्रं ठणठणीत दिसतंय म्हणून पोराचे डोस थांबवू दिले नाहीत. तेव्हा लोकं म्हटली बाई फार कडक आहे. आहेच कडक.

तिसरा, दवाखान्याचा कचरा, सुया वगैरे. हा मुद्दा बरोबर आहे, म्हणजे विचारायला बरोबर आहे. जनावरांच्या दवाखान्याला पण २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम लागू आहेत, पिवळ्या पिशवीत वेगळं, लाल पिशवीत वेगळं, सुया जाड पांढऱ्या डब्यात, आणि ते न्यायला वेगळी गाडी येते, आपल्या घंटागाडीत जात नाही. मी पावत्या बघितल्या. उलट आपल्या घरात शुगरच्या पेशंटच्या इन्सुलिनच्या सुया कुठे जातात ते एकदा घंटागाडीवाल्या भाऊला विचारा, त्याच्या हाताला टोचलेलं आहे.

चौथा, रहिवासी भागात धंदा. हा मुद्दा कोणी घातला? आपल्या कॉलनीत पिठाची गिरणी आहे जी सकाळी सहाला सुरू होते, तीन क्लासेस आहेत, ब्युटी पार्लर आहे, आणि गल्ली नंबर दोनला एक गोडाऊन आहे ज्यातून पावसाळ्यात औषधांचा वास येतो, ते माझं आहे. त्यामुळे हा मुद्दा आपण चुपचाप काढून टाकू.

पाचवा, गाड्यांची गर्दी. हा मात्र शंभर टक्के खरा आहे. संध्याकाळी सहा ते आठ बाईका आडव्या-तिडव्या, छोटा हत्ती मधोमध, त्या दिवशी अॅम्ब्युलन्स अडकली होती तेव्हा मी पण चिडलो होतो. आणि मॅडमचं सगळंच बरोबर आहे असं मी म्हणत नाही. फोन उचलत नाहीत वेळेवर. बोलणं तुटक. फीचा बोर्ड लावलेला नाही त्यामुळे माणूस आत जायला घाबरतो, किती लागतील काय माहिती. बाहेर पक्ष्यांसाठी पाण्याची कुंडी ठेवलीय ती चांगली, पण पाणी रोज बदललं नाही तर डास होतात, ही तक्रार देशमुख गल्लीच्या काकूंनी केली होती आणि ती बरोबर होती. हे सगळं मी त्यांच्या तोंडावर सांगितलंय. बोर्ड लावते म्हटल्या.

आता तुमच्यातले काही म्हणतील, दवाखाना हलवला तर हलवला, सरकारी दवाखाना आहे ना गुरांचा. आहे, आणि तिथल्या लोकांना मी दोष देत नाही. पण त्यांच्या अंगावर तालुक्यातली गुरं, लसीकरण, कानातले बारा आकडी पिवळे बिल्ले, पंचनामे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये लम्पी आला तेव्हा आठवा, त्या वर्षी महाराष्ट्रात पहिल्यांदा आपल्याच जिल्ह्यात सापडला, रावेर तालुक्यात चिनावलला. माझ्या मेहुण्याचा बैल रावेरलाच होता, अंगभर गाठी, पाय सुजलेले. सरकारी माणसं रात्रंदिवस पळत होती तरी पुरत नव्हती. तेव्हा या बाईने संध्याकाळचा दवाखाना बंद ठेवून खेडोपाडी जाऊन शेळ्यांच्या देवीची लस टोचली, गाईंना तीच चालत होती. अफवा किती, दूध पिऊ नका, माणसाला होतो, आणि त्या प्रत्येक गोठ्यात उभं राहून तेच तेच सांगायच्या की माणसाला होत नाही, दूध उकळून प्या. त्या वेळी कॉलनीतलं कोणी म्हटलं नाही की बाई दुसरीकडे जा.

बाईमाणूस आणि ढोरांची डॉक्टर, हे पण काही जणांच्या पोटात दुखतं, लिहीत नाहीत अर्जात पण बोलतात. त्यांनी परभणीला साडेपाच वर्षं काढलीत, त्यातलं एक वर्ष इंटर्नशिप, आणि रजिस्ट्रेशनचा नंबर भिंतीवर आहे. त्या गेल्या तर त्यांच्या जागी कोण येणार ते आपल्याला माहितीये. बाईकच्या डिक्कीत चार बाटल्या घेऊन फिरणारे, ज्यांना नंबर विचारला की राग येतो. किंवा मग आपणच डॉक्टर होणार. आमच्या शेजारच्यांनी मांजरीला ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दुधात दिली होती, माणसाच्या लेकराला देतो तसं. मांजराच्या शरीराला ती गोळी पचवताच येत नाही, विष होते. सकाळपर्यंत गेली ती. त्यांनी प्रेमानेच दिली होती.

थोडं विषयांतर, पण उन्हाळ्याचं पण सांगून टाकतो. ज्या भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, माणसं दुपारी एक ते चार दार उघडत नाहीत, तिथे लोकं बर्फाळ भागातलं हस्की कुत्रं आणतात. रील बघून. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, जीभ काढून धापा टाकणं हाच त्याचा कूलर. मॅडमकडे मे महिन्यात रोज एखादं तरी कुत्रं उष्माघाताने येतं, चपट्या नाकाची पग तर जास्तच, आणि घरच्यांनी बर्फात बसवून आणलेलं असतं, जे करायचं नसतं, साधं पाणी ओतायचं आणि पंख्याखाली ठेवायचं. त्या घेणाऱ्याला आधी झापतात मग सलाईन लावतात. मला वाटतं अर्जातल्या निम्म्या सह्या या झापण्यामुळे आहेत. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याची चाल बघून, दात बघून, चार माणसांना विचारून सौदा करणारे आपण, कुत्रं घेताना कोणाला विचारत नाही.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. अर्ज अजून नगरपालिकेत गेलेला नाही, तो मागे घेऊ. गाड्या गणपतीचा मंडप लागतो त्या ओपन प्लॉटवर लावायच्या, दगडं उचलून मुरूम टाकायचा खर्च निम्मा मी देतो. बकऱ्या-म्हशींच्या गाड्या मागच्या रस्त्याने. कुत्र्यांची वेळ संध्याकाळी पाच ते सात, इमर्जन्सी सोडून. पुढच्या बाजूला हिरवी नेट लावून घेतील, पावसाळ्याआधी. आणि २८ सप्टेंबरला रेबीज दिवसाला त्या दरवर्षी मोफत लस देतात, यावर्षी आपल्या कचराकुंडीवरच्या सहाही जणांना धरून द्यायची, धरायला पोरं मी जमवतो, ढाबेवाला येतोच म्हटलाय.

तो लॅब्राडोर आता बरा आहे. गोळ्या संपायला अजून आठवडा आहे, काल दुकानासमोरून चालला होता तर मालकाने नजर चुकवली आणि कुत्र्याने नाही चुकवली, थेट आत येऊन पेंडीच्या पोत्यावर बसला.

रविवारी सकाळी नऊला मारुतीच्या पारावर भेटू. चहा माझ्याकडे. मॅडम पण येणार आहेत, दहाला त्यांना एका गोठ्यावर जायचंय, म्हणून वेळेवर या. आणि निघण्याआधी आपापल्या घरातलं उंदराचं औषध कुठे ठेवलंय ते एकदा बघून घ्या, पाकीट फेकलं असेल तर दुकानात या, नाव लिहून देतो.

तुमचाच,
गल्ली नंबर दोन, कृषी केंद्रवाला